सहा आकडे

दुपारी पुस्तक छातीवर पालथं ठेवून डोळे मिटले होते, तेवढ्यात फोन थरथरला. मेसेज होता. सहा आकडे, आणि खाली नेहमीची ताकीद : हा कोड कुणालाही सांगू नका. मी कुठेही लॉगिन वगैरे करत नव्हतो. असं काही आलं की काय करायचं हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे; कुणीतरी आपल्या खात्यात शिरू पाहतंय असं धरून चालायचं, कशालाही बोट लावायचं नाही आणि मेसेज पुसून टाकायचा. मी तेच केलं. चार मिनिटांनी दुसरा आला. मग तिसरा. तिसऱ्या वेळी तर मला गंमतच वाटली. म्हटलं, बाबा रे, डोकं आपटलंस तरी हा कोड काही तुला मिळायचा नाही. आपण फसलो नाही याचं बारीकसं समाधान वाटलं, कूस बदलली आणि झोपलो.

पलीकडे कोण होतं ते चार दिवसांनी कळलं.

लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेलो होतो. ग्रंथपाल मॅडमनी मागच्या पानावरची तारीख पाहिली, शिक्का मारला आणि मान वर न करताच म्हणाल्या, "तुम्ही मागे त्या ताईंचा अर्ज भरून दिला होतात ना? त्या मंगळवारी दुपारी येऊन गेल्या. मेल उघडायला बसल्या होत्या. पासवर्ड बरोबर होता, पण वर कोड मागत होता, आणि कोड कुठे जातोय तेच कळेना. नंबराचे शेवटचे दोन आकडे तेवढे दिसत होते. सत्तेचाळीस. त्यांच्या नंबराचा शेवट तर तसा नाही." माझ्या नंबराचा आहे. मॅडमना ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे, निदान त्यांनी तसं दाखवलं नाही. माझी कानशिलं तापली. "तीनदा मागवला," त्या म्हणाल्या, "मग त्यानं आणखी कोड द्यायचंच नाकारलं. नंतर प्रयत्न करा म्हणे."

त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. आमच्या लायब्ररीत वाचनकक्षाच्या टोकाला, जुन्या नियतकालिकांच्या गठ्ठ्यांना पाठ लावून चार संगणक मांडलेले आहेत. त्यातल्या एकावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला आहे आणि तो कागदही आता कडांनी पिवळा पडलाय. उरलेल्या तिघांवर अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी. पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं उलटी मोजली जातात, शेवटची पाच उरली की आकडे लाल होतात. त्या ताई तिथे बसल्या होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल आणि दोन्ही हात त्या फाइलवर. कीबोर्ड समोर होता, पण हात टेबलावर आले नव्हते. परक्या घरी गेलेलं माणूस टेकावं तशा खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या होत्या. मी शेजारच्या यंत्रावरून एक कागद छापायला आलो होतो. "दादा," त्या म्हणाल्या, "जरा बघता का?"

एका रुग्णालयात रुग्णसेविकेच्या जागा निघाल्या होत्या. हे काम त्यांनी आधी वर्षानुवर्षं केलेलं होतं, पण तोंडी ओळखीवर. अर्ज मात्र फक्त ऑनलाइन, आणि त्यात ईमेलच्या रकान्यापुढे लाल चांदणी. ईमेल नव्हता. "मिनिटात काढून देतो," मी म्हणालो. खातं उघडायला फोन नंबर हवा. फोन घरात एकच, आणि तो त्या दिवशी लेक कामावर घेऊन गेलेली. कोपऱ्यात अकरा मिनिटं उरली होती. मी माझा नंबर टाकला. विचारसुद्धा केला नाही. कोड आला, तो टाकला, खातं उघडलं. पासवर्ड एका कोऱ्या तारीखपट्टीच्या मागे ठळक अक्षरांत लिहून त्यांच्या हातात दिला. फोटो मोठा आहे, ५० केबीच्या आत हवा, असं फॉर्मने कुरकुरत सांगितलं. तो लहान करून दिला. माझी बोटं कीबोर्डवर झरझर चालतात याचा मला छुपा अभिमान आहे, आणि त्या दिवशी कुणीतरी बघत होतं म्हणून ती जरा जास्तच झरझर चालली. पावती आली ती पडद्यावरच साठवून ठेवली, म्हटलं आता छापून घेऊ, तोवर आकडे शून्यावर आले, पडदा काळा झाला आणि यंत्र पुन्हा नव्याने सुरू झालं. पावती गेली. सार्वजनिक संगणक असेच लावलेले असतात. एक माणूस उठला की त्याचं सगळं पुसायचं, म्हणजे पुढच्याला मागच्याचं काही दिसू नये. सोय चांगली आहे. पण जो पहिल्यांदाच बसलाय त्याला, आपण ठेवलेली वस्तू अशी आपल्यादेखत नाहीशी होते, हे बघून काय वाटत असेल ते मी त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर बघायला हवं होतं. मी घड्याळ बघत होतो.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं की. आता उत्तर येईल."

उत्तर आलंही, आठवड्याभरात. मुलाखतीची तारीख, वेळ, सोबत आणायच्या कागदांची यादी, सगळं व्यवस्थित. ते त्या खात्यात जाऊन पडलं आणि ताई दाराशी येणाऱ्या पत्राची वाट बघत राहिल्या. येईल, असं मी म्हणालो होतो. कुठे येईल ते सांगितलंच नव्हतं. पुढे कुणीतरी त्यांना म्हणालं की हल्ली उत्तरं मेलवरच येतात, तेव्हा ती तारीखपट्टी शोधून त्या मंगळवारी लायब्ररीत आल्या. एका बोटाने अख्खा पासवर्ड टाकला, बरोबर टाकला. आणि मग यंत्राने विचारलं, ही तुम्हीच कशावरून?

हे यंत्र असं का विचारतं ते मी नंतर नीट समजून घेतलं आणि मला ते फार लागलं. घरी स्वतःचा संगणक असला की मेलवाले त्याला ओळखतात. आपण कोड वगैरे एकदाच देतो, पुढे दार आपोआप उघडं. लायब्ररीतला संगणक मात्र रोज सगळं विसरतो, त्यामुळे तो दर वेळी नवाच वाटतो. आणि नव्या यंत्रावरून कुणी आत येऊ लागलं की पहारेकऱ्याला संशय येणार. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही त्याचीच जास्त झडती. पुरावा द्यायचा तो फोनने. फोन असावा, तो आपला एकट्याचा असावा, त्यात बॅटरी असावी, नंबर मधे बदललेला नसावा. इतकं सगळं जुळून आलं तर आपण आपण असतो. ताईंच्या बाबतीत पुरावा माझ्या खिशात होता, आणि मी तो तीनदा पुसला. वर स्वतःच्या सावधपणावर खूश झालो.

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या कुणालाही रंगनाथनांचे पाच नियम झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. शि. रा. रंगनाथन मुळात गणित शिकवायचे, १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१मध्ये हे नियम पुस्तकरूपाने आले. त्यांतला चौथा नियम एवढाच : वाचकाचा वेळ वाचवा. मी काही ग्रंथपाल नव्हे, पण हा नियम मला फार आवडायचा. त्या दिवशी मी तोच तर पाळला होता! तासाभराचं काम अकरा मिनिटांत. आता वाटतं की रंगनाथनांच्या डोळ्यांपुढे असलेला वाचक फडताळापाशी ताटकळणारा होता, त्याला पुस्तक चटकन मिळावं इतकंच त्यांना म्हणायचं असणार. मी वाचवला तो माझा वेळ. ताईंचा महिना गेला.

लहानपणी मी ज्या लायब्ररीत जायचो तिथे पुस्तकांना हात लावायची मुभा नव्हती. कपाटं बंद, काउंटरच्या पलीकडे. बाहेर लाकडी खणांचं एक उंच कपाट असायचं, त्यात कार्डं. लेखकाच्या नावाने, विषयाने, पुस्तकाच्या नावाने. कार्ड शोधायचं, क्रमांक चिठ्ठीवर उतरवायचा, चिठ्ठी काउंटरवर द्यायची. मोठी माणसं खण सर्रकन ओढून, दोन बोटांनी कार्डं अशी काही झरझर उलटायची की बघत राहावं. मला त्या कपाटाची भीती वाटायची. सगळ्यांना येतंय आणि आपल्यालाच येत नाही, आणि हे आता विचारण्याचं वय राहिलेलं नाही, अशी ती भीती. दहा वर्षांच्या मुलालाही ती वाटते. मी पुष्कळ दिवस आधीच्या माणसाने परत केलेलं, काउंटरवर पडलेलं पुस्तकच "हेच हवंय" म्हणून घेऊन जायचो. शेतीवरची दोन पुस्तकं मी अशी वाचली आहेत.

तिथे काउंटरला जे काका असायचे त्यांनी ते कधीतरी हेरलं असावं. एका दुपारी त्यांनी एक खण कपाटातून पूर्ण बाहेर काढला, दोन्ही हातांनी उचलून आणला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. म्हणाले, शोध. आणि शेजारी उभे राहिले. मदत अशी काही केलीच नाही. मी आधी मधूनच कुठूनतरी सुरुवात केली, मग पुढे गेलो, मागे आलो. कार्डांना जुन्या डिंकाचा आणि हाताळून मऊ झालेल्या कागदाचा वास होता. कडा घामाने काळवंडलेल्या. शेवटी कार्ड सापडलं. आनंदाच्या भरात मी ते उपसून काढायला गेलो तर येईना. सगळ्या कार्डांच्या खालच्या भोकांतून एक पितळी सळई आरपार गेलेली. काका तेव्हा पहिल्यांदा हसले. "अरे, कार्ड न्यायचं नसतं. त्यावरचा नंबर न्यायचा." एवढंच. पण मी जे ताईंना सांगायला हवं होतं ते जवळजवळ याच जातीचं वाक्य होतं, आणि मला ते सुचलं नाही याचं कारण मला वाटतं असं की मी ते कपाट विसरून गेलो होतो. एकदा येऊ लागलं की न येण्याचे दिवस माणूस किती पटकन पुसून टाकतो. अगदी लायब्ररीतल्या संगणकासारखा.

त्या सळईवरून आणखी एक आठवलं. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये साखळदंडातलं ग्रंथालय आहे. शेकडो वर्षांपूर्वी पुस्तक ही इतकी मोलाची चीज होती की प्रत्येक पुस्तकाला साखळी, साखळीचं दुसरं टोक फडताळाच्या सळईत आणि सळईला कुलूप. साखळी मुखपृष्ठाच्या कडेला अडकवलेली, म्हणून पुस्तकं कण्याकडून आत लावलेली. बाहेर दिसतात ती पानांच्या कडा. पुस्तक काढून समोरच्या फळीवर वाचता येतं, नेता येत नाही. आमच्या लायब्ररीतले माउस टेबलाला बारीक पोलादी तारेने बांधलेले आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, साखळी काही वाईट नाही. साखळी आहे म्हणूनच ती वस्तू तिथे सगळ्यांसाठी ठेवता आली.

ज्यांना इंटरनेट मिळालं आणि ज्यांना नाही, त्यांच्यातल्या अंतराला 'डिजिटल दरी' म्हणतात. या शब्दाशी माझं काही जमत नाही. दरी म्हटलं की पूल आठवतो, आणि पूल म्हटला की उद्घाटन. फीत कापली, यंत्रं बसवली, तारा ओढल्या, फोटो निघाले. पूल झाला, पार झालो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४च्या अंदाजानुसार जगात सुमारे २६० कोटी माणसं इंटरनेटच्या बाहेर होती, म्हणजे दर तिघांतला जवळजवळ एक. हा आकडा प्रचंड आहे आणि तो कमी व्हायलाच हवा. पण ताई त्या आकड्यात बसतील का? घरात एक फोन आहे, त्यावर इंटरनेट आहे, नातवंडांचे व्हिडिओ त्या बघतात. कागदोपत्री त्या केव्हाच पलीकडे पोचलेल्या आहेत. एस्टर हर्गिट्टाई नावाच्या संशोधिकेने २००२मध्येच हे दाखवून दिलं होतं. तिने चोपन्न माणसांना एकेक करून संगणकापुढे बसवलं, इंटरनेटवर काही गोष्टी शोधायला सांगितल्या आणि ती नुसती बघत राहिली. कुणाला काही क्षणांत जमलं, कुणाला खूप वेळ लागला, कुणाला जमलंच नाही. यंत्र तर सगळ्यांपुढे होतं. याला तिने दुसऱ्या पातळीची दरी म्हटलं. मला त्या अभ्यासातली सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच वाटते : शेजारी बसून, मधे हात न घालता बघत राहणं. ते मला अकरा मिनिटंसुद्धा जमलं नाही.

डेन्मार्कमध्ये १ नोव्हेंबर २०१४पासून पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला सरकारी पत्रं डिजिटल पेटीत घेणं बंधनकारक झालं. ज्यांना जमणार नाही त्यांना सूट मागता येते, पण मागावी लागते. आणि १६२४पासून चालत आलेल्या तिथल्या टपालसेवेने २०२५च्या डिसेंबरअखेर पत्रवाटप थांबवलं. आता ते काम दुसरी खाजगी कंपनी करते. रस्त्यांवरच्या लाल पेट्या काढून टाकल्या. इंटरनेट वापरण्यात जगात पुढे असलेल्या देशातली ही गोष्ट. तिथल्या एखाद्या म्हातारीनेही दाराकडे बघत दिवस काढले असतील, असं मला उगाचच वाटत राहतं.

मॅडमशी मी यावर बोललो, म्हणजे खरं तर अपराधी वाटत होतं म्हणून त्यांच्या टेबलाशी घुटमळलो. त्या म्हणाल्या, "आम्हांला सक्त सूचना आहे. वाचकाचा पासवर्ड आपण टाकायचा नाही, त्याच्या खात्यात आपण शिरायचं नाही. तोंडाने सांगायचं. उद्या काही गडबड झाली तर?" पूर्वी मला हे नियमावर बोट ठेवणं वाटलं असतं. आता त्यातला शहाणपणा दिसला, आणि त्यातली क्रूरताही. समोरचं माणूस रडकुंडीला आलंय, मागे तिघं उभे आहेत, आणि आपण हात मागे बांधून "आता ते वरचं निळं बटण" म्हणत राहायचं. मॅडम वर्गीकरण शिकून आलेल्या. दशांश पद्धतीत कुठला विषय कुठे ते त्यांना बसल्या जागी सांगता येतं. खात्याबाहेर अडकून पडलेल्या माणसाची समजूत कशी काढायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाल्या, "पुस्तक कुठे आहे हे ठाऊक नसलं तर कुणी माफी मागत नाही. सरळ विचारतात. संगणकावर बसायला येणारा प्रत्येक जण आधी म्हणतो, मला काहीच येत नाही हो, माफ करा." महिन्याच्या अहवालात किती पुस्तकं गेली, किती सभासद झाले, किती जणांनी संगणक वापरला याचे रकाने आहेत. एकाच माणसाशेजारी चाळीस मिनिटं बसलं तर त्याचा रकाना नाही. तो एक माणूस होतो.

मी साधुसंत नाही, हेही इथे सांगून टाकतो. हे संगणक आले तेव्हा सूचनावहीत तक्रार लिहिणारा मीच होतो. वाचनकक्षाची शांतता गेली, माणसं मोठ्याने आकडे वाचतात, छपाईयंत्र घरघरतं, वगैरे. हस्ताक्षर माझं आहे, वही अजून तिथेच टांगलेली आहे. आणि खरं सांगायचं तर ती तक्रार सगळीच खोटी नव्हती. जी कार्यालयं पूर्वी खिडकी उघडून अर्ज घेत असत त्यांनी खिडक्या मिटल्या, संकेतस्थळं उघडली आणि आपापली रांग गुपचूप लायब्ररीकडे सरकवली. रांगेबरोबर माणूसबळ किंवा पैसा काही सरकला नाही. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा पहिल्यांदा १९४९मध्ये आला, ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाबरोबर काढलेल्या २०२२च्या सुधारित आवृत्तीत डिजिटल साक्षरतेची जबाबदारी स्पष्टपणे आली. मला तो मजकूर मान्य आहे. फक्त तो वाचताना मला मॅडमचं टेबल दिसतं. एका हाताने शिक्का मारायचा, दुसरा हात हवेत धरून लांबच्या संगणकाकडे बघत सांगायचं, "नाही नाही, ते नका दाबू."

अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून १८८३पासून पुढे जगभर २,५०९ ग्रंथालयं उभी राहिली. हा माणूस लहानपणी तारऑफिसात निरोप पोचवणारा पोऱ्या होता; म्हणजे त्या काळातल्या सर्वांत वेगवान जाळ्यात वावरणारा, पण वाचायला पुस्तक नाही. कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ कामकरी मुलांना आपली पुस्तकं वाचायला देत. पुढे ती व्यवस्था बदलली आणि कार्नेगीला सांगण्यात आलं की फुकट फक्त कारागिरी शिकणाऱ्या उमेदवारांना, तुला वर्गणी पडेल. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून ते बदलून घेतलं. दाराशी नियम आडवा आला की काय वाटतं हे त्याला माहीत होतं. नंतर तोच पोलादसम्राट झाला आणि त्याच्या कामगारांचे हाल झाले, ती गोष्ट वेगळी आणि तीही खरी. पण देणगी देताना त्याने एक अट घातली होती, ती मला इथे महत्त्वाची वाटते : इमारत मी देतो, जागा गावाने द्यावी, आणि दर वर्षी देणगीच्या दहा टक्के रक्कम गावाने ते चालवायला खर्चावी. इमारत बांधून झाली की काम सुरू होतं, संपत नाही, हे त्याला कळलेलं होतं. (जाता जाता एक गंमत. आपण माणूस आहोत, यंत्र नाही, हे सिद्ध करायला पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं ओळखावी लागतात, त्या 'कॅप्चा'चं नाव ज्यांनी ठेवलं ते बहुतेक जण कार्नेगी मेलन विद्यापीठातले. एकाच माणसाच्या नावाने दारही उघडलं आणि दाराशी पहाराही बसला.)

चालवण्याचं मोल कळतं ते बंद पडल्यावर. २०२०च्या मार्चमध्ये साथीमुळे लायब्ऱ्या धडाधड बंद झाल्या, तेव्हा अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने सांगितलं, दारं लावा पण वायफाय चालू ठेवा. मग बंद लायब्ऱ्यांच्या बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, लोक संध्याकाळी गाडीत बसून मुलांचा अभ्यास पाठवू लागले. भिंतीतून बाहेर झिरपणाऱ्या वायफायवर. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तर त्याआधीच, २०१४पासून, इंटरनेटची डबीच, म्हणजे खिशात मावणारं वायफायचं यंत्र, पुस्तकासारखी घरी द्यायला सुरुवात केली होती. अशा डब्यांसाठी सरकारी दूरसंचार निधी वापरायला २०२४च्या जुलैत परवानगी मिळाली आणि २०२५च्या सप्टेंबरात ती काढूनही घेतली गेली. पुस्तक एकदा फडताळावर आलं की निदान तिथे राहतं.

शनिवारी त्या येणार आहेत, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. मी आधीच जाऊन बसलो. ताई आल्या, तीच फाइल. मी काय झालं ते सगळं सांगितलं. माझा नंबर, माझी झोप, पुसलेले तीन मेसेज. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या दादा, तुम्ही चांगल्यासाठीच केलं होतंत." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जागा भरल्या होत्या. दुसऱ्या एका ठिकाणची जाहिरात त्यांनी कापून आणली होती, अजून सहा दिवस मुदत होती. आणि या वेळी फोन आणला होता. लेकीकडून एका दिवसापुरता मागून, पूर्ण चार्ज करून, कापडी बटव्यात.

आधी माझ्या फोनवर कोड आला, तो त्यांना दाखवला, दार उघडलं. ते जुनं पत्र वर ठळक अक्षरांत होतं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, तारखेपाशी थांबल्या, पुढे गेल्या. मग माझा नंबर काढून त्यांचा घालायचं काम. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो, अक्षरशः. शिफ्टचं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसरं दाबायचं, हे त्यांना काही केल्या जमेना. त्या आधी एक दाबून सोडायच्या, मग दुसरं. चौदा वेळा तरी झालं असेल. माझी बोटं मांडीखाली वळवळत होती. पाच मिनिटं उरली, आकडे लाल झाले, ताईंनी घाईघाईने उठायची तयारी केली, तोच लाल आकडे पुन्हा काळे झाले आणि तिशीवर गेले. मी वळून पाहिलं. मॅडम शिक्का मारत होत्या.

पंधराव्या वेळी जमलं. नंबर लिहिला. पडदा म्हणाला, कोड पाठवला आहे. बटव्यात फोन थरथरला. ताईंनी तो काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि मोठ्याने वाचायला लागल्या, "आठ, तीन..." आणि थांबल्या. खालची ओळ त्यांना दिसली होती. ती त्यांनी ओठ हलवत, सावकाश, पूर्ण वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग फोन छातीशी धरून माझ्याकडे अर्धी पाठ केली आणि एका बोटाने आकडे टाकायला लागल्या.